क्योतोच्या मैफलीतला माझा ‘वा!’

दुसऱ्या कुणाकडून कळेलच, म्हणून आधीच कबूल करतो: क्योतोला भरलेलं सभागृह श्वास रोखून बसलेलं असताना, गाण्याच्या ऐन मध्यात मी मोठ्यांदा ‘वा!’ म्हणालो.

त्या वर्षी बँकेने मला योकोहामाला ठेवलं होतं. ऑफिसातले मोरी-सान, मी आणि माझी बायको सुमन शिंकान्सेनने (वेगवान आगगाडीने) निघालो. फुजी ढगात होता. तो बघायच्या नादात मी एकिबेन (स्टेशनवरचा जेवणाचा डबा) मांडीवर उपडा केला. भात वेचता वेचता मोरी-सानांकडून गायिकेची हकीकत ऐकली.

लिदियाबाई युक्रेनच्या. ऑपेरात, म्हणजे बोलणंसुद्धा गाऊन होतं अशा संगीत नाटकात, वीस वर्षं नायिका. सोव्हिएत संघ फुटला, मंडळी पांगली, बाई क्योतोत शिकवू लागल्या. मग घशाचं ऑपरेशन. दोन वर्षं मंचावर पाऊल नाही.

“आज वरचा सूर लागला नाही, तर पुन्हा गाणार नाही म्हणाल्यात,” मोरी-सान म्हणाले.

बाई आल्या. साधा काळा पोशाख, पांढरे केस. गाणं अंगाईसारखं सुरू झालं, चढत गेलं. त्यांनी डोळे मिटले आणि सूर वर गेला. बारीक, सरळ, वारा पडल्यावर समईची ज्योत उभी राहते तसा. हलेचना! माझ्या अंगावर काटा आला. बाई क्षणभर थांबल्या आणि माझ्या तोंडून ‘वा!’ निसटला.

कुणी वळूनही पाहिलं नाही. त्यानेच मेलो. सुमनने चिमटा काढला तो वेगळा.

कार्यक्रम संपल्यावर माफी मागायला मंचामागे गेलो. कमरेत वाकलो.

“पुरे,” सुमन पुटपुटली, “पाठ धरेल.”

बाई जपानीत बोलल्या, मोरी-सानांनी अर्थ सांगितला. “ऑपरेशनपासून माझ्याच कानांवर माझा विश्वास नाही. इथले लोक शेवटपर्यंत गप्प बसतात. सूर लागला की नाही, कळेना. तेवढ्यात तुम्ही ओरडलात.” मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात ओसाकाला गाणार आहे. या.”

परतीच्या गाडीत नागोया मागे पडलं. सुमन खिडकीकडे बघतच म्हणाली, “लग्नाआधी आठ वर्षं गाणं शिकले मी. पहिल्यांदा तुमच्यापुढे गायले, तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. मी सोडून दिलं. आता पुण्याहून तंबोरा मागवते. घसा तुम्ही तयार ठेवा.”