आसराबाईच्या चष्म्यातलं ऊन

निजामाच्या राज्यात आमच्या धावडा गावात चष्मा लावणारी बाई एकच, आसराबाई, माझी थोरली जाऊ. तुम्हाला आता हसू येईल. येऊ द्या. तवा त्या चष्म्याला बघून लेकरं पळायची, अन् खरं सांगते, मी सुदिक तिच्या तोंडाकडं धड बघत नसे. काचा ह्या एवढ्या जाड, अन् त्यातून तिचे डोळे बैलाच्या डोळ्याएवढे दिसायचे.

चाळिशी गाठायच्या आतच तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बिचारी घरातल्या घरात चाचपडायची. एकदा तिचा हात चुलीत गेला, एकदा माझी पोरगी समजून शेळीशीच बोलत बसली. शेवटी तिचा नवरा, आमचे त्रिंबकभावजी, तिला गाडीत घालून जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डाक्टरीणबाईनं तो मोती काढला अन् तिला बसवून समजावलं. बाहुलीच्या मागं मसुरीच्या दाण्याच्या आकाराचं एक भिंग असतंय. बाहेरून आलेला उजेड गोळा करून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बराबर एका जागी आणायचं, हे त्याचं काम. ते गढूळ झालं म्हणून काढलं. आता त्याचं काम ही काच करील. काच न्हाई तर समदं पसरलेलं दिसंल, पाण्यातून बघितल्यावाणी. आसराबाई हे मला भाकरी थापता थापता सांगायची. मी नुसतं हूं हूं करायची.

आमची सासू सोनूबाई मात्र त्या चष्म्यावर जळायची. माणसाच्या डोळ्यातलं काढून तिथं काच बसवायची म्हणजे देवाच्या कामात हात घालणं, असं तिचं म्हणणं. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जायची.

त्या साली सीतादही आलं. कापूस वेचायच्या पहिल्या दिवशी रानात पाच खडे मांडायचे, त्यांच्यापुढं पहिला वेचलेला कापूस ठेवायचा, दहीभात शिंपडायचा, मंगच वेचणीला हात लावायचा. चपला बांधावर काढल्या. सासू म्हणाली, चष्मा बी काढ, सीतामाईपुढं असली परकी वस्तू बिलकुल नको. आसराबाईनं निमूट काढला. मातीत ठेवला तर काचांवर चरे पडतील म्हणून पऱ्हाटीच्या, म्हंजे कापसाच्या झाडाच्या, दोन फांद्यांवर आडवा ठेवला, काचा वर आभाळाकडं. त्याच्या खाली मुठीएवढ्या अंतरावर देवीपुढचा कापूस. ऊन डोक्यावर आल्तं.

सासू दहीभात शिंपडू लागली. खड्यांवर एक शीत पडंना, समदा भात बाजूला. मला वाटलं, घाईत असंल म्हातारी. मी डोळे मिटून हात जोडले, अन् जळका वास आला. बघते तर देवीपुढच्या कापसातून धूर! कापसाला चिकटून आलेला वाळका पाला पेटला होता अन् कापसाची कड काळी पडत चालली होती. घरी पाळण्यात माझं लेकरू. ह्या अपशकुनानं आता आमच्यातलं कोण जातंय, एवढंच डोक्यात आलं. कसाबसा पूजेच्या पाण्याचा तांब्या कापसावर उपडा केला.

सासू विचारून राह्यली, काय जळतंय, कुठं जळतंय? मी सांगितलं तशी ती पांढरीफटक पडली. देवी कोपली म्हणाली, ह्या चष्म्यापायी कोपली. फांद्या चाचपून तिनं चष्मा उचलला अन् विहिरीकडं निघाली.

रानातली विहीर ती, तिला कठडा न्हाई का काई न्हाई. आसराबाई चष्म्याबिगर मागं धावली, पऱ्हाटीत अडखळली, पडली, परत उठली. मी तिला मिठीच मारली. काच पाण्यात गेली की ती पुन्हा आंधळी. अन् देवी कोपली म्हटल्यावर सासू असंस्तोवर तिला परत जालन्याला कोणी नेणार न्हाई, हे तिला ठावं होतं, मला बी ठावं होतं. सासूनं हात विहिरीवर धरला.

"आत्याबाई, ती देवी न्हाई, ऊन हाय," आसराबाई म्हणाली. "माझ्या हातावर धरून बघा. मंग खुशाल टाका."

काय वाटलं कुणास ठाऊक, सासू थांबली. आसराबाई चाचपडत जाऊन तिच्यापुढं बसली अन् तळहात पसरला. सासूनं वरून काच धरली. आसराबाईनं हात काचेजवळ नेला, काई न्हाई, नुसता फिकट उजेड. लांब नेला, तरी पसरलेलाच. मंग हळूहळू वर आणला अन् एका जागी थांबली. तळहातावर मोहरीएवढा ठिपका, इतका लख्ख की मला बघवंना. तिनं दात दाबले, कातडी लाल झाली, पण हात काढला न्हाई.

"दिसला का ठिपका, आत्याबाई?"

सासू वाकली. आणखी वाकली.

"कुठंय?" ती म्हणाली.

आसराबाईला तर काचेबिगर दिसतच नव्हतं, तिनं ठिपका चटक्यावरून धरला होता. पण सासूला? तो बाजूला पडलेला भात, ते फांद्या चाचपणं, समदं एकदम ध्यानात आलं.

आसराबाईनं सासूचं मनगट धरून तिला काठावरून मागं ओढलं. मुठीतून चष्मा सोडवला, डोळ्यांवर चढवला, कानामागं दोरा बांधला अन् सासूच्या डोळ्यांत बघितलं. दोन्ही बाहुल्या दुधावाणी पांढऱ्या. कधीपासून, असं तिनं हळूच विचारलं.

सासू मटकन खाली बसली. सगळ्यांना दटावणारी बाई, लेकरावाणी रडायला लागली. तिथं डोळ्यात सुरी घालत्यात गं, म्हणाली, मला न्हाई जायचं. तिच्याएवढं भ्यालेलं माणूस मी आजवर बघितलं न्हाई.

वेचणी उरकल्यावर भावजींनी जालन्याला गाडी जुंपली. मी बी संगं गेल्ते. वाटभर सासू आसराबाईचा तो भाजलेला हात धरून बसली होती. घडीघडी एकच विचारायची.

"तू आत येशील न्हवं माझ्यासंगं?"