पूर्वेकडे तोंड

माझ्या सासूबाई, श्यामलाबाई, यांच्या हातून रीतीभातीत काही चुकलं असं मी कधी पाहिलं नाही, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. झोपताना उत्तरेला डोकं नको, जेवताना दक्षिणेला तोंड नको, ओवाळताना पाट पूर्वेकडेच. कलकत्त्याच्या बालीगंजमधल्या त्या दोन खोल्यांत एवढ्या दिशा आणायच्या कुठून? मी पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं वाढलेलं ताट उचलून फिरवून ठेवलं होतं. मी मनातल्या मनात हात जोडले आणि जेवले.

सासरे रेल्वेच्या नोकरीपायी कलकत्त्याला आले आणि इथेच वारले. मुलगा श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, खिदिरपूरला कस्टम्समध्ये होता. बाईंना एकुलता एक भाऊ, तोही तरुणपणीच गेलेला. भाऊ नसलेल्या बाईने भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं अशी आपली रीत. ती त्यांनी काही वर्षं पाळली, मग कंटाळल्या. "चंद्र काही करंजी खात नाही," म्हणाल्या, आणि आमच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल मांडून बसणाऱ्या जयप्रकाशला वर बोलावलं.

जयप्रकाश छपऱ्याकडचा. बायकामुलं गावी, हा इथे कोळशाच्या इस्त्रीशी झगडत. बोडक्या डोक्याला ओवाळायचं नाही म्हणून बाई त्याला सासऱ्यांची काळी टोपी घालायच्या. बिहारी माणूस, मराठी टोपी, बंगाली गल्ली! मी हसू दाबत स्वयंपाकघरात पळायची. पण बाईंनी भाऊ म्हटलं की तो भाऊच. त्याचा ताप, त्याच्या मुलीचं लग्न, सगळ्यात यांचा जीव. तोही काही नवीन घेतलं की आधी 'दीदी'ला दाखवायला वर यायचा.

सत्तर सालची भाऊबीज. त्या वर्षी नक्षलवाद्यांच्या धुमाकुळात कलकत्त्यात कोण कुणाला का मारतंय हेच कळेनासं झालं होतं. भिंती घोषणांनी रंगलेल्या, दिवस मावळला की बाँबचे आवाज, आणि सकाळी कुठल्या ना कुठल्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पडलेलं. श्रीकांतला घरी यायला जरा उशीर झाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायची.

दिवेलागणीला बाईंनी पाट मांडला. पूर्वेच्या भिंतीला जमिनीपर्यंत झडपांची खिडकी होती. पाटावर बसलं तरी तिच्यातून गल्लीचं तोंड दिसायचं. बाईंनी जयप्रकाशला कुंकवाचा टिळा लावला, त्यावर अक्षता चिकटवल्या, निरांजन हातात घेतलं, आणि खालून किंकाळी आली. जयप्रकाश टोपी टाकून उठला. बाई ओरडल्या, "अरे, अर्ध्यावरून उठायचं नसतं!" तो तोवर जिना उतरलाही होता.

गल्लीतच राहणारा, कॉलेजात शिकवणारा प्रणब सुऱ्याचे वार होऊन पडला होता. सगळ्या घरांच्या खिडक्या फटाफट बंद झाल्या. जयप्रकाशने एकट्याने त्याला मांडीवर घेतलं. प्रणब त्याच्या मांडीवरच गेला. पोलीस आले तेव्हा रस्त्यावर माणसं दोनच, एक मेलेला आणि एक रक्ताने माखलेला. त्यांनी जिवंत माणसाला उचललं.

समोरच्या सरलामासींनी झडपेतून पाहिलं होतं. त्यांनी जबाब दिला की वाकलेल्या माणसाच्या कपाळावर रक्त होतं, म्हणजे मारामारीत त्यालाही लागलं असणार. खोटं बोलणारी बाई नव्हे ती. बंगाल्यांकडेही त्याच दिवशी भाऊ ओवाळतात, पण त्यांच्यात टिळा चंदनाचा नाहीतर दह्याचा. संध्याकाळच्या उजेडात एका इस्त्रीवाल्याच्या कपाळावर मराठी कुंकू असेल, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून?

संशयास्पद मृत्यू कसा झाला याची चौकशी कलकत्त्यात कॉरोनरपुढे व्हायची. "मी तिथे जाऊन सांगणार," बाई म्हणाल्या.

श्रीकांत चिडला. "आई, काय सांगणार? तू साक्षीला गेलीस की उद्या लोक विचारणार, म्हातारीने आणखी काय पाहिलं? ज्यांनी मारलं ते इथेच फिरतायत. मी रोज एकटा येतो त्या गल्लीतून."

"मग काय माझ्या भावाला फासावर जाऊ देऊ?"

"तो तुझा भाऊ नाहीये, आई!"

बाई उठून आत गेल्या. रात्री जेवल्याही नाहीत. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचाच संताप येत होता. शेवटी मीच म्हटलं, "मी जाते त्यांच्याबरोबर."

ठरलेल्या दिवशी बाई नऊवारी नेसून, माझा कुंकवाचा करंडा घेऊन ट्रॅममध्ये बसल्या. कोर्टात गर्दी होती. जयप्रकाश दाढी वाढलेला, खांदे पाडून उभा. बाईंना पाहिल्यावर त्याने मान खाली घातली. त्याच्या डोळ्याखाली सुजलं होतं.

बाईंचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. पण त्या घाबरल्या नाहीत. परवानगी मागून त्यांनी जयप्रकाशच्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं आणि सरलामासींकडे वळल्या. "ये देखा था ना आपने?"

मासी बघत राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हॅं, एइ रकमइ छिलो," म्हणाल्या. हो, असंच होतं.

झालं, सुटला, मला वाटलं. कोर्टात कुजबुज झाली, एकजण हसलादेखील. कॉरोनरसाहेब चष्मा पुसत सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही स्वतः गल्लीत काय पाहिलंत?"

"कुछ नहीं, साहेब," बाई म्हणाल्या. "ओवाळणारी बाई पश्चिमेकडे तोंड करते. मेरी पीठ खिड़की की तरफ थी."

इथे त्या थांबल्या असत्या तर! मी मनात म्हणत होते, बस, आता बसा खाली. पण अर्धी रीत सांगून सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. साहेबांना नीट कळावं म्हणून त्यांनी हातानेच पाट दाखवला, खिडकी दाखवली, आणि म्हणाल्या, "भाई का मुँह पूरब को होता है. खिड़की इसके सामने थी."

मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर दोन तरुण बसले होते, साधे, चांगल्या घरातले वाटणारे. त्यांतला एक जयप्रकाशकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहत होता, शिंपी माप घेताना पाहतो तसा.

साहेबांनी जयप्रकाशला विचारलं, तू काय पाहिलंस? त्याने बाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हुजूर, हमारी नज़र दिये पर थी. और कुछ नहीं देखा."

त्याच्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. माझाही नाही.

पुढे एक-दोन दिवसांत पोलिसांनी त्याला सोडलं. तो वर आला, बाईंच्या पाया पडला. बाईंनी त्याला शिरा करून घातला, जवळ बसून खाऊ घातला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तूने देखा था?" तो खात राहिला. "दीदी, आपने जो सच था वही कहा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली टेबल होतं, इस्त्री होती, कुणाचा तरी अर्धा इस्त्री केलेला शर्ट होता. जयप्रकाश नव्हता. गावी पळाला असेल असं आम्ही एकमेकांना सांगितलं. श्रीकांतच्या ऑफिसात छपऱ्याचा एकजण होता, त्याच्याकरवी निरोप धाडला. उलट निरोप आला की जयप्रकाश गावी पोचलेला नाही, आणि त्याची बायको आमच्याकडेच त्याची चौकशी करतेय.

त्या दुपारी बाई तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता हात थांबला. "हेमा," म्हणाल्या, "मी त्याला सोडवलं, की दाखवून दिलं?"

"असं काय बोलता, आई, तुम्ही नसता तर तो आत सडला असता," हे मी म्हटलं खरं, पण माझा आवाज मलाच पटला नाही, आणि त्यांना तो कधीच फसवू शकला नसता.

तेव्हापासून बाई हिंदी पेपर वाचू लागल्या. अक्षर लागलं नाही तर माझ्याकडून वाचून घ्यायच्या. बेवारस प्रेत सापडल्याची बातमी आली, वय जुळलं, की त्या शवागारात बघायला निघायच्या. जी बाई सुतकाचं घर ओलांडून आली तरी आंघोळ करायची, ती तिथल्या वासात रांगेत उभी राहायची. सुरुवातीला श्रीकांत ओरडला, मग तोच सोबत जाऊ लागला. तिथला माणूस त्यांना ओळखायला लागला होता. तो पांढरी चादर बाजूला करायचा, बाई वाकून नीट पाहायच्या, आणि म्हणायच्या, "नाही." घरी येऊन डोक्यावरून आंघोळ. मग जेवायला बसायच्या. त्या दिवशी त्यांना भूक चांगली लागायची.

अशी वर्षं गेली. शहर निवळलं, भिंती पुन्हा रंगवल्या गेल्या, गल्लीत मुलं क्रिकेट खेळू लागली. बातम्याही कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. एका पावसाळ्यात बाईंचे गुडघे पार गेले, जिना उतरवेना. नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली: गंगेच्या काठाला सापडलेला, पन्नाशीचा, हातावर भाजल्याचे जुने डाग. इस्त्रीवाल्याच्या हातावर असतात तसे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी एकटीच गेले. मला अशा ठिकाणांची किळस आहे, आजही आहे. त्या माणसाने चादर बाजूला केली आणि मी सासूबाई पाहायच्या तसंच वाकून, नीट पाहिलं.

परत आले तेव्हा त्या दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "पाणी तापवलंय," म्हणाल्या. "आधी आंघोळ कर, मग जेवू."