मागनं चालणाऱ्याचा आवाज

फोन काकांच्या नंबरावरनं आला म्हणून मी नेहमीसारखा काकांच्याच आवाजात उचलला. घसा खाली दाबून, शेवटाला बारीक खाकरून, "काय पावणं, बूट वाळलं काय?" रविवारी डोंगर झाला की सोमवारी काका फोन करून हेच विचारायचं, म्हणून त्यांच्या आधी मीच विचारायचो, हे आमचं ठरलेलंच होतं. मग पलीकडनं काका म्हणायचं, "माझा आवाज मला परत दे बाबा, रिटायर झाल्यावर तेवढाच शिल्लक हाय." त्या दिवशी पलीकडं काका नव्हतं. काकांची लेक सुमाताई म्हणाली, "बाबा गेलं रे... सकाळी." गेलेल्या माणसाच्या आवाजात मी त्याच्या लेकीला बूट वाळलं का विचारलं होतं. दोन महिनं झालं त्याला. त्यानंतर तो आवाज काढायचा न्हाय, असं मी ठरवलं.

दत्ताकाका कागलच्या एमआयडीसीत लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, कामाला होतं. रविवारी मात्र आमच्यासारख्या नवख्यांना शाहूवाडीच्या डोंगरात न्यायचं. मी पहिल्यांदा गेलतो तेव्हा अंगात जीन्स, पायात आदल्या दिवशी घेतलेलं बूट, सॅकमध्ये स्पीकर आणि आईनं दिलेला भडंगाचा स्टीलचा डबा. चढ लागायच्या आधी काकांनी चहाच्या टपरीपुढं ताडपत्री अंथरली आणि सगळ्यांना म्हणालं, "ओता." प्रत्येकानं सॅक उलटी करायची, ही त्यांची पद्धत. मग एकेक वस्तू उचलून, लेथवर कातलेला तुकडा तपासल्यागत फिरवून बघायचं. माझा स्पीकर उचलला. "पावणं, डोंगर चढायचाय का वरातीत नाचायचंय?" स्पीकर टपरीत राहिला. भडंग पिशवीत गेलं, डबा स्पीकरच्या शेजारी. "पाणी?" म्हणालो, एक बाटली हाय की. "एक तर तुझ्या बडबडीलाच लागंल. अजून दोन भर. आन तहान लागायच्या आधी प्यायचं." बुटांकडं बघून मान हलवली. "नवं बूट आधी आठ दिवस भाजी आणायला घालायचं. बुटाची आन पायाची ओळख डोंगरावर करून द्यायची नसती." दुपारपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आलं आणि काकांनी न बोलता त्यावर पट्ट्या लावल्या. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

निघताना काका टपरीवाल्याकडं एक चिठ्ठी द्यायचं. कोण कोण हाय, कुठल्या वाटंनं जाणार, किती वाजता परत येणार. "या टायमाला आलो न्हाय तर माणसं घेऊन ये." परत आल्यावर चिठ्ठी घ्यायची आणि मगच चहा. आणि चालताना काका कायम सगळ्यात मागं. मी विचारलं, तुम्हाला वाट पाठ हाय, मग मागं का? म्हणालं, "पुढं कुणीबी चालंल. पण मागं कोण राहिलं ते पुढच्याला दिसत न्हाय."

मी नकलाकार माणूस. शाळेत हेडसरांची नक्कल करून त्यांच्याच हातचा मार खाल्लेला. पण काकांची नक्कल सगळ्यात गाजली, आणि तीच अंगाशी आली. गेल्या वर्षी पावसाळ्यात वर धुकं दाटलं होतं. मी पुढं होतो. वाट डावीकडं वळत होती आणि मी मजा म्हणून उजवीकडच्या झुडपात शिरून काकांच्या आवाजात ओरडलो, "चला, हिकडं या!" बँकेत नोकरी करणाऱ्या दोघी मैत्रिणी पहिल्यांदाच आलेल्या. त्या वाट सोडून आवाजाकडं निघाल्या. तेवढ्यात मागनं खऱ्या काकांची शिट्टी वाजली. "जाग्यावर थांबा! कुणी हलू नका!" दोघी थांबल्या. धुकं सरकलं तेव्हा कडा त्यांच्यापासनं चार पावलांवर होता. काकांनी हाताला धरून त्यांना मागं आणलं आणि स्वतः मटकन खाली बसलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. खाली आल्यावर चहा पिताना एवढंच म्हणालं, "माझा आवाज काढायचा आसंल तर माझी जागा बी घे. मागं चाल." तेव्हापासनं मी मागं, त्यांच्या एक पाऊल पुढं. नक्कल फक्त फोनवर.

काका गेलं तेव्हा पुढच्या ट्रेकला सात नवख्यांनी नुसत्या मेसेजवर नावं दिलती. सुमाताईनं काकांची सॅक माझ्यापुढं ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला न्हाय. "बाबांनी शब्द दिलाय त्यांस्नी. पण खरं सांगू? तुझ्यावर माणसं सोडायची मला भीती वाटतीया." मी म्हणालो, मलाबी.

गेलो तरी. ताडपत्री अंथरली, सॅका ओतून घेतल्या, चिठ्ठी दिली, मागं राहिलो. सकाळपासनं मी सगळ्यांना हसवत होतो. वर त्याच वळणावर धुकं आलं आणि पुढचं एक मास्तर गप्पांच्या नादात उजवीकडं वळलं. मी ओरडलो, "ओ सर, थांबा!" सगळी हसली. त्यांना वाटलं, ह्याचं चालूच. मास्तर चालतच राहिलं. आणि मग ठरवलेलं सगळं विसरून माझ्या घशातनं तो आवाज बाहेर पडला. "जाग्यावर थांबा! कुणी हलू नका!"

सातच्या सात थिजली. काकांना त्यातल्या एकानंही कधी ऐकलेलं नव्हतं.

तिथनंच माघारी फिरलो. माथा राहिला. टपरीतनं चिठ्ठी घेतली आणि सुमाताईला फोन लावला. "सात गेलती, सात आली." ती म्हणाली, "सॅक तुझ्याकडंच ठेव."

आता ती सॅक माझ्या दारामागं खिळ्याला असती. परवा सोमवारी फोन वाजला, स्क्रीनवर 'दत्ताकाका'. मी साधंच "हॅलो" म्हणालो. पलीकडं कुणीतरी घसा खाली दाबला, शेवटाला बारीक खाकरलं. "काय पावणं, बूट वाळलं काय?" सुमाताईला नक्कल अजिबात जमत न्हाय.

मी खिडकीकडं बघितलं. बूट आत रद्दी कोंबून, नाडी सैल करून ठेवलं होतं, काकांनी शिकवल्यागत.

"न्हाय अजून," मी माझ्याच आवाजात म्हणालो. "रविवारपर्यंत वाळतील."