मागच्या खोलीतले तीन दिवस

माझं काम बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं आहे. कंपनी मोठ्या शहरात आहे आणि मी आंधळगावात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते. कंपनी घरच्या घरी करायची हार्मोनची चाचणी विकते. चाळिशी ओलांडलेल्या बायका इंग्रजीत लिहितात की अंगातून अचानक वाफ निघते, झोप लागत नाही, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. मी त्यांना नम्र इंग्रजीत उत्तर देते. समोरासमोर यातलं एक वाक्यही मला बोलता आलं नसतं. लिहिताना कुणाचा चेहरा दिसत नाही, म्हणून जमतं.

भिंतीपलीकडे वडिलांचा हातमाग चालतो. त्याच्या शेजारी आई चरख्यावर कोशाच्या रेशमी धाग्याच्या कांड्या भरते. तिथे पंखा लावत नाहीत, धागा उडतो. गेल्या वर्षापासून ती मधेच हात थांबवायची, पदराचं टोक ओलं करून मानेवर ठेवायची. सकाळी तिचे डोळे सुजलेले असायचे. धागा तुटला की पूर्वी ती गाठ मारून पुढे जायची, आता चरख्यालाच शिव्या द्यायची. हे सगळं मी रोज दुसऱ्या बायकांकडून वाचत होते, तरी आईशी जोडायला मला बरेच महिने लागले. शाळेत मी हे विषय इंग्रजीत शिकले. घरात त्यासाठी माझ्याकडे शब्दच नव्हते.

कंपनीने आम्हा कामाला असलेल्यांना त्या चाचणीचं एकेक किट दिलं. मी ते आईसाठी ठेवलं.

त्यातल्या कागदाच्या पट्ट्या दिवसातून काही वेळा लघवीत भिजवायच्या, वाळवायच्या आणि पाकिटात घालून पाठवायच्या. पाळी येत असेल तर ठरावीक दिवशीच भिजवायच्या, शेवटच्या पाळीपासून मोजून. तो दिवस काढायला मला आईला काही विचारावं लागलं नाही. आमच्या घरात पाळी आलेली बाई तीन दिवस मागच्या खोलीत बसते. स्वयंपाक करत नाही, देवाजवळ जात नाही, आणि आमच्याकडे धाग्यालाही हात लावत नाही. तेवढे दिवस घर मोठीआई सांभाळते, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चूल आमची एकच आहे. आई मागच्या खोलीत कधी गेली हे सगळ्या घराला माहीत असतं. मी तिथून दिवस मोजले.

ठरलेल्या सकाळी मी आईला पट्टी दिली आणि काय करायचं ते खाली बघत सांगितलं. तीही खाली बघत ऐकत होती. पट्टी भिजवून आणली आणि खिडकीत वाळत ठेवली. मग तिथेच उभी राहिली.

"याच्यात सगळं दिसते काय वं?"

"सगळं म्हणजे?"

"म्हनजे बाईचं कसं चालू हाये, काय बंद हाये, ते."

"दिसतं. म्हणूनच तर दिवस मोजून केलं."

"कोनता दिवस मोजला तू?"

"तू मागं बसली होतीस ना, तिथून."

आई हसली नाही. दार लोटून घेतलं आणि अगदी हळू बोलली, "ते काही खरं नोहे, पोरी. आठ महिने झाले, मले आलीच नाही."

मला आधी कळलं नाही. मी म्हटलं, "पण तू दर महिन्याला बसतेस."

"बसतो ना. काहून नाही बसू? रातभर अंग पेटल्यासारखं होते, डोळा लागत नाही. दिवसा इथं कोन झोपू देते मले? कांड्या नाही भरल्या तं तुह्या बाबाचा माग थांबते. त्या खोलीत गेलो का कोनी आवाज देत नाही. तीन दिवस मी निस्ती झोपतो." मग खिडकीतल्या पट्टीकडे बोट दाखवलं. "आता हे कागद कोनाकोनाले दिसन?"

"मला. आणि तिकडच्या माणसांना. घरात कुणाला नाही."

"तुह्या मोठीआईनं इचारलं तं?"

तेवढ्यात मोठीआईच दार ढकलून आत आली. खिडकीतला पिवळा कागद बघून तिने नाकाला पदर लावला.

"हे का वाळू घातलं व्हय?"

"तपासणीचं हाये, बाई," आई म्हणाली. "लघवीचं. पोस्टानं पाठवाचं हाये."

"माय वं! पोस्टानं? पोस्टमनले सांगतलं काय, का तो खिशात घालून फिरन?" मोठीआई खो खो हसली. "इंग्लिश शाळेत घातलं पोट्टीले, तं माय-लेकी मूत वाळू घालून राहिल्या."

आईही हसली, खूप दिवसांनी. मोठीआई गेल्यावर मी म्हटलं, आता दिवस चुकलाच आहे, राहू दे. आई म्हणाली, "भिजवली हाये तं पाठव. तू तारीख बदल निस्ती." मी कंपनीच्या अॅपमध्ये शेवटच्या पाळीची तारीख आठ महिने मागे नेली. अशी पाळी गेलेल्यांना कोणताही दिवस चालतो. उरलेल्या पट्ट्या तिने दिवसभरात भिजवल्या.

रिपोर्ट मोबाईलवर आला. रंगीत आलेख होते, एक हार्मोन फार खाली गेलेलं होतं, आणि शेवटी कंपनीकडूनच घ्यायच्या पावडरी आणि गोळ्यांची यादी. असे शेवट मी स्वतःच कितीतरी जणींना पाठवलेले आहेत, त्यामुळे ते पान मी आईला वाचून दाखवलं नाही. तिला घेऊन भंडाऱ्याला एका बाई डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी रिपोर्ट वरून खाली पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, हे आकडे या वयात रोज वरखाली होतात; पाळी आठ महिने नाही आणि हा त्रास, एवढ्यावरून समजतं. त्यांनी रक्त आणि थायरॉइड तपासलं. रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या. त्रास असाच राहिला तर औषधं आहेत, म्हणाल्या, महिन्याने परत या. पाळी पूर्ण बंद झाल्यावर पुन्हा कधी रक्त दिसलं तर लगेच यायचं, हे त्यांनी आईला दोनदा बजावलं. आईने मान हलवली. झोपेसाठी दुपारी जरा पडत जा, हेही सांगितलं. ते ऐकून आई माझ्याकडे बघत राहिली.

घरी आलो तेव्हा मोठीआई ओसरीत तांदूळ निवडत होती. वडील माग थांबवून पाणी प्यायला आले होते.

"मंग? का निंघालं?"

"रक्त कमी हाये म्हने," आई म्हणाली.

"अन् पाळीचं? ह्या वयात त्याच्यानंच होते सगळं." मोठीआईने आईला नाही, मला विचारलं. रिपोर्ट माझ्या हातात होता.

वडिलांसमोर तो शब्द मी कधी उच्चारला नव्हता. आई चप्पल काढत होती, एकीचा पट्टा तिला सुटेना.

"पाळी चालू राहील अजून," मी म्हटलं. "वर्षभर तरी. डॉक्टर म्हणाल्या, त्या दिवसांत नीट झोपू द्या."

वडील तांब्या ठेवून आत गेले. मोठीआई म्हणाली, "माही तं कवाच गेली. हिचंच मोठं लांबलं, बाप्पा," आणि परत तांदळात बघू लागली.

पुढच्या महिन्यात आई मागच्या खोलीत गेली. एरवी ती तेवढ्या दिवसांच्या कांड्या आधीच भरून ठेवायची; या वेळी मी तिला ते करू दिलं नाही, तीन दिवसांची रजा टाकली आणि चरख्यावर बसले. माझ्या कांड्या सैल होत होत्या, वडील दर थोड्या वेळाने एखादी परत देत होते. स्वयंपाकाला मोठीआईच्या हाताखालीही मीच होते. त्याच सकाळी मला पाळी आली होती. ते मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाही आत बसावं लागलं असतं, आणि कांड्या भरायला कुणी उरलं नसतं.

दुपारी ताट घेऊन गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी ताट झाकून ठेवलं आणि बाहेर आले.