विसाव्याची लाज

सुतक फिटल्यावर वत्सला पहिल्यांदाच देवळात आली, तेव्हा मी सहाणेवर चंदन उगाळत होतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूची तिने सात वर्षे सेवा केली होती. नमस्कार करून तिने खालच्या आवाजात विचारले, "गुरुजी, प्रायश्चित्त काय घ्यावं?"

"कशाचं?"

"सासूबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी गाढ झोपले. इतकं बरं वाटलं, की मग स्वतःचीच शिसारी आली."

"उठल्यावर काय केलंस?"

"सवयीनं त्यांची मात्रा उगाळली. मधात कालवताना ध्यानात आलं."

माझा हात थांबला. देवापुढे मन निर्मळ असावे, असे मी जन्मभर सांगत आलो. परंतु निर्मळ मनात एका वेळी एकच भाव असतो, असे मला कधी वाटले नाही. सात वर्षे झिजलेल्या देहाला विसावा गोड लागला आणि जाग येताच त्याच देहाने सेवेची वाट धरली. दोन्ही खरे होते. तिला मात्र त्यातले पहिलेच तेवढे दिसत होते.

"महिनाभर रोज दुपारी निजायचं," मी म्हणालो. "एकही दिवस चुकवायचा नाही."

"हे कसलं हो प्रायश्चित्त?" म्हणत ती हसली आणि लगेच तिने पदर तोंडावर धरला, जणू हसण्याचीही क्षमा मागायची होती.

मी तीर्थाची पळी पुढे केली. ओंजळ करण्यासाठी तिला पदर सोडावा लागला. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ओठांवर हसू तसेच होते.