शनिवारची धून

मंचरहून शिनोलीच्या शाळेत शिकवायला जायचो, तेव्हा सकाळच्या एसटीत एक क्लॅरोनेटवाला भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. जाताना तो बोलायचाच नाही, कारण वाद्याची वेताची पत्ती ओली राहावी म्हणून त्याने ती तोंडात धरलेली असायची. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं, की नुसता बोटाने पुढचा रस्ता दाखवायचा.

परतीच्या गाडीत मात्र आठवडाभराचं सगळं सांगायचा. लग्नं, हळदी, कुठल्या दुकानाचं उद्घाटन, आणि दर शनिवारी संध्याकाळी मंचरला हायवेवरच्या परमिट रूममध्ये वाजवणं.

"सगळीकडं फर्माईश असती, सर. त्या हाटेलात कुणी ऐकत न्हाई. तिथंच मी माझं वाजवतो."

एका शनिवारी मी मुद्दाम तिथे जेवायला गेलो. कोपऱ्यातल्या स्टुलावर डोळे मिटून तो काहीतरी संथ वाजवत होता. टेबलांवर कांदा-बटाट्याच्या गप्पा रंगल्या होत्या. मी हातातला घास विसरून ऐकत राहिलो. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं, हसला, आणि लगेच वरातीतलं नाचाचं गाणं धरलं. खास माझ्यासाठी.

मी ओशाळलो. त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि शेजारच्या शेतकऱ्याला उगाच विचारलं, "यंदा कांदा कसाय, भाऊ?"

तो सांगू लागला. थोड्या वेळाने पाठीमागे ती संथ धून पुन्हा सुरू झाली. मी मान डोलावत राहिलो, आणि आपलं बोलणं मला लई पटतंय, असं त्या शेतकऱ्याला वाटत राहिलं.