सतरावा बिंदू

मावशींची नोकरी झोपून राहण्याची. हे ऐकून ज्यांना हेवा वाटला, त्यांना मावशींनी एकदा येऊन बघायचं आमंत्रणच देऊन ठेवलं होतं. अ‍ॅक्युपंक्चर शिकवणाऱ्या संस्थेत कडक टेबलावर उताणं पडायचं आणि शिकाऊ हातांनी अंगभर सुईचे बिंदू शोधायचे. थंड हात, घामट हात, नखं न कापलेले हात. अशा झोपणाऱ्या दुसऱ्या बायका शिकणाऱ्या मुलींचं मन राखायला "हो, बरोबर" म्हणून मोकळ्या होत. मावशी नाही. बिंदू नेमका सापडला की आत एक जडसर कळ पसरते. ती आली तरच त्या "इथे" म्हणत, नाहीतर "परत शोध" म्हणून छताकडे बघत पडून राहत. मुली त्यांना टरकून असत आणि परीक्षा जवळ आली की त्यांच्याच टेबलासाठी भांडत.

हे बिंदू अंगावरून जाणाऱ्या रेषांवर असतात, एकेका अवयवाच्या नावाच्या. मावशींची लाडकी रेषा जठराची. ती डोळ्याखाली सुरू होते, गालावरून गळ्याशी उतरते, मग छाती, पोट, मांडी, नडगी करत पायाच्या दुसऱ्या बोटाशी संपते. "गावभर हिंडते आणि नाव पोटाचं लावते, आमच्या ह्यांच्यासारखी," असं त्या प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. नवऱ्याचाही त्याला आक्षेप नव्हता, जेवण वेळेवर मिळत होतं.

या रेषेवरचा सतरावा बिंदू बरोबर स्तनाग्रावर येतो. तिथे सुई कधीच टोचायची नाही, शेकही द्यायचा नाही. तो फक्त खुणेसाठी. त्याच्यावरून छातीवरचे बाकीचे बिंदू मोजायचे. मावशींना डाव्या बाजूला कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्तन काढला, तेव्हा ती खूणही गेली.

उपचार संपले, डोक्यावर बोटभर केस आले आणि मावशी संस्थेच्या दारात हजर. वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्यांना मिठी मारली, चहा मागवला आणि मग दाराजवळची खुर्ची दाखवली.

"आता इथे नोंदणीला बसा. आरामाचं काम आहे."

"आराम घरी झाला. माझं टेबल कुठेय?"

"अहो मावशी, मुली घाबरतील. आणि घ्यायचंच तर उजवी बाजू घेऊ."

"उजवी कुणालाही जमेल. उद्या माझ्यासारखी बाई यांच्याकडे आली, तर तिच्यासमोर घाबरणार का? त्यापेक्षा आत्ताच काय ते घाबरून घेऊ देत."

बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला. "पण तिथे तुम्हाला स्पर्श कळतो? नाही कळला तर मुलींना सांगणार काय?"

"कळतो की," मावशी म्हणाल्या. धडधडीत खोटं! व्रणाच्या आसपास त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. साबण लावताना आपण दुसऱ्याच कुणाचं तरी अंग धुतोय असं वाटे आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे. पण खरं बोलल्या असत्या तर ती खुर्ची कायमची गळ्यात पडली असती.

बाईंनी एक तास दिला. जमलं तर जमलं, नाहीतर खुर्ची.

तो तास मुलींचाच होता. पडदे ओढलेले. मावशींनी चादर कमरेपर्यंत खाली घेतली आणि वर्ग चिडीचूप झाला. मावशींना त्या शांततेचाच राग आला.

"मयताला आल्यासारख्या काय उभ्या आहात? जिवंत आहे मी. डाव्या हाताला सुई लावायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय. बाकी सगळं तुमचंच आहे. या पुढे."

एक चष्मेवाली मुलगी पुढे आली. तिचं पेन डोळ्याखालून निघालं, गळा उतरलं, छातीवर आलं आणि व्रणापाशी थांबलं.

"बाई, खूणच नाही."

"गळ्याखालच्या हाडाचा मध्य धर आणि सरळ खाली ये," बाई म्हणाल्या. "फासळ्या मोज. चौथ्या फटीत थांब."

चष्मेवालीने मोजलं, बोट टेकवलं आणि विचारलं, "मावशी, इथे?"

बाई बघत होत्या. एक "हो" म्हटलं की टेबल परत आपलं, हे मावशींना कळत होतं. पोरगी बरोबर असेलही. पण नसली तर? जन्मभर चुकीच्या जागी बोट ठेवेल, तेही मावशी हो म्हणाल्या म्हणून.

"कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "मला तिथे काहीच कळत नाही. बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले." डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं, तरी त्यांनी ते पुसलं नाही.

बाई टेबलापाशी आल्या. खुर्चीचं नाव त्यांनी काढलं नाही.

"मग कुठून कळायला लागतं ते शोधा," त्या मुलींना म्हणाल्या. "अशी पेशंट आली की आधी हेच शोधायचं. मावशी, उठायचं नाही."

"उठतंय कोण?"

चष्मेवालीचं बोट खाली सरकलं. "इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही. घाई करू नकोस."

फासळ्या संपतात तिथे ही रेषा आत वळते. मुलगी वळली, जरा खाली आली आणि तिने जपून दाब दिला. मग पुन्हा दाबलं.

"इथे!" मावशी एवढ्या जोरात म्हणाल्या की मागच्या दोघी दचकल्या. "इथे, इथे! दे ठिपका. बघितलास नीट? आता पुसून टाक. पुढचीला तिचं तिला शोधू दे."